ताणणाऱ्या कापडावर भरतकाम
(मुळशी तालुक्यातील भगिनींपुढे केलेले भाषण)



तुमच्यापैकी कितीतरी जणी मशीनवर छान भरतकाम करतात. सुती फ्रॉकवर फूल कसे उठून दिसते! पण तेच फूल टी-शर्टवर काढले, की चुण्या पडतात. कधी भोकेही पडतात. मग गिऱ्हाईक म्हणते, "बाई, माझा शर्ट भरून द्या." मजुरी जाते, वर पदरचे पैसे जातात. असे का होते?

साधे कापड मागावर विणतात. त्यात उभे नि आडवे दोरे असतात, चटईसारखे. ते फारसे ताणत नाही. टी-शर्टचे, बनियनचे कापड निराळे. तमिळनाडूत तिरुपूर येथे ते खूप तयार होते. त्यात फासात फास अडकवलेला असतो, हातविणीच्या स्वेटरसारखा. म्हणून ते ओढले की ताणते, सोडले की आखडते.

आपण ते कापड रिंगमध्ये ढोलकीसारखे ताणून बसवतो नि तसेच भरतो. रिंग काढली की कापड आखडते, टाके आखडत नाहीत. मग चुण्या पडणार नाहीत तर काय!

म्हणून कापड ताणू नका. भरतकामाचा न फाटणारा कागद मिळतो. तो रिंगमध्ये घट्ट बसवा. त्यावर कापड अलगद पसरा, कच्च्या टाक्यांनी जोडा. काम झाल्यावर फुलाभोवती थोडा कागद ठेवा, बाकीचा कात्रीने कापा. उरलेला कागद धुण्यातही टाक्यांना आधार देतो.

सुई गोल टोकाची घ्या. तिला बॉलपॉइंट सुई म्हणतात. अणकुचीदार सुई फास तोडते. गोल टोकाची सुई त्याला बाजूला सारून जाते. एक फास तुटला, की भोक वाढतच जाते.

नक्षी विरळ ठेवा. भाताची रोपे फार दाट लावली तर जोर धरत नाहीत, हे तुम्हांला कोणी सांगायला नको. टाक्यांचेही तसेच. दाट टाके कापड ओढून धरतात.

"पण ताई, एवढा खटाटोप कशाला?" असे कोणी विचारील. बाई, कापड गिऱ्हाइकाचे आहे, म्हणून! आपल्याच तालुक्यात, हिंजवडी-पिरंगुटकडे, टी-शर्ट घालणारी माणसे पुष्कळ आहेत. काम मिळेल. कागदाचा नि सुईचा खर्च मजुरीत धरा, तसे आधीच सांगा.

आणि आधी घरच्या जुन्या बनियनवर एक फूल काढून पाहा. ते धुवा, वाळवा. जुने बनियन बिघडले तर त्याचे पोतेरे होईल. चुणी आली नाही, तरच गिऱ्हाइकाच्या शर्टाला सुई लावा.