तेलाचा डबा, एक बिल आणि चोरीचा आळ

कुणी लोकलमध्ये लटकून ऐकत असेल, कुणी रात्री भांडी घासता घासता. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" थोडे कापलेत.

आजचा विषय आहे हॉटेलात येणाऱ्या मालाची बिलं सॉफ्टवेअरमध्ये भरणं. हो, माहितीये, ऐकूनच जांभई आली. पण दोन मिनिटं थांबा. याच कंटाळवाण्या कामापायी पुण्यातल्या एका हॉटेलात एका पोराची नोकरी जाणार होती, तीही चोर म्हणून. आणि चूक त्याची नव्हती. बरीचशी माझी होती.

मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलो. सध्या जिथे काम करतो, तिथे आम्ही हॉटेलवाल्यांसाठी स्टॉक आणि खर्चाचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो. त्यात बिलं भरण्याचा जो भाग आहे, तो माझ्याकडे.

आधी हिशोब समजून घेऊ, अगदी सोपा आहे. महिन्याच्या सुरुवातीला स्टोअरमध्ये किती माल होता, त्यात महिन्याभरात किती आला ते मिळवायचं, आणि शेवटी किती उरला ते वजा करायचं. जे येईल तो तुमचा खरा वापर. आता दुसरी बाजू. बटाटावड्याच्या एका प्लेटला किती तेल, किती बेसन, हे रेसिपीत लिहिलेलं असतं. किती प्लेट विकल्या, ते बिलिंग मशीनला माहीत असतं. दोन्हींचा गुणाकार केला की किती वापर व्हायला हवा होता ते कळतं. खरा वापर आणि व्हायला हवा तो वापर, यातला फरक म्हणजे तफावत. थोडी तफावत प्रत्येक किचनमध्ये असते. सांडतं, करपतं, वाढताना हात सैल सुटतो. पण तफावत मोठी दिसली की मालकाची झोप उडते.

आता लक्षात घ्या, या सगळ्या हिशोबात "किती आला" हा आकडा येतो कुठून? बिलातून. बिल चुकीचं भरलं गेलं की पुढचे सगळे रंगीत ग्राफ चुकीचेच येतात. आणि ते इतके छान दिसतात की कुणाला शंकासुद्धा येत नाही.

बिल भरण्यात काय एवढं अवघड? मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. नाव, नग, दर, रक्कम, संपलं. मग एकदा मार्केट यार्डातल्या भावांची यादी बघितली आणि डोकं गरगरलं. कांद्याचा भाव दहा किलोला. कोथिंबीर शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव. अंड्यांचा दर शंभर नगांना, पण येतात ती तीसच्या ट्रेमध्ये, आणि मोठ्या बॉक्समध्ये २१०. आणि किचनमध्ये शेफ काय मागतो? "दोन मूठ कोथिंबीर दे."

बरं, कोथिंबिरीची जुडी म्हणजे किती ग्रॅम? पावसाळ्यात वेगळी, उन्हाळ्यात वेगळी. एक जुडी म्हणजे अमुक ग्रॅम असं आम्ही कोडमध्ये लिहून टाकलं होतं. भाजीवाल्या मावशींना हे सांगितलं असतं तर त्या मला हसल्या असत्या.

त्यात निम्मी बिलं हातानं लिहिलेली. फोटो काढला की सॉफ्टवेअर वाचतं, अशी सोय आम्ही केली होती. पण आपला मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांचं तोंड किती सारखं आहे, बघा एकदा. मराठी ४ आणि इंग्रजी आठ, तेच. एका बिलात १ गोणी आली होती, मशीननं ९ वाचल्या. ती चूक निदान लगेच दिसली, कारण रक्कम जुळेना. खऱ्या त्रासदायक चुका वेगळ्याच, ज्यात रक्कम अगदी बरोबर जुळते.

तर आता गोष्ट.

हॉटेल व्हेज, गर्दीचं, मालक सगळे ज्यांना शेठ म्हणतात असे. माणूस मेहनती, पहाटे स्वतः येऊन शटर उघडणारा. स्टोअर सांभाळायला एक पोरगा, बावीस-तेवीसचा, नांदेडकडचा. माल उतरवून घेणं, मोजणं, बिलाचा फोटो काढणं, सगळं त्याच्याकडे.

शेठचा फोन मला आला तो खरं तर दुसऱ्याच कामासाठी. म्हणाले, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच माणसाचं लॉगिन बंद कसं करायचं, सांगा." मी सहज विचारलं, का हो शेठ? तर म्हणाले, "तेल चोरतोय. तुमचाच रिपोर्ट सांगतोय. शनिवारी हिशोब करून पाठवतो घरी."

तुमचाच रिपोर्ट. हे ऐकून कसंतरीच झालं. मी म्हटलं, शेठ, शनिवारच्या आधी मी एकदा येऊन बघू का? ते म्हणाले, या की, चहा पाजतो.

गेलो. रिपोर्ट उघडला. तेलासमोर लाल अक्षरात, नेहमीची घट सोडून, वर ४३ किलोची तफावत. तेलाच्या भावानं सहा हजार रुपये. शेठचं म्हणणं, हा पोरगा कॅनमध्ये भरून बाहेर देतो. पुरावा काय? रिपोर्ट.

मी बिलं बघितली. दर आठवड्याला ८ डबे, महिन्यात ३२. नग बरोबर, दर बरोबर, रक्कम बरोबर. आधीच्या महिन्यांत डबा २,२५० ला यायचा, आता २,१०० ला. शेठ खुशीत म्हणाले, "डब्यामागे दीडशे कमी करून घेतले मी. दुसरीकडून घेईन म्हटल्यावर आला लाइनीवर."

मी स्टोअरमध्ये गेलो. तो पोरगा कोपऱ्यात कांद्याची गोणी ओढत होता. आपल्याबद्दल काय चाललंय ते त्याला कळलं होतं, माझ्याकडे बघतही नव्हता. मी विचारलं, तेलाचे डबे कुठे असतात रे? त्यानं हात केला. मग स्वतःहूनच म्हणाला, "दादा, डबा आजकाल हलका लागतोय. उचलला की कळतं. मी शेठला बोललो होतो, ते म्हणाले, तुला ताकद आलीय."

मी डबा वळवून लेबल बघितलं. १५ लिटर. त्याच्या खाली बारीक अक्षरात, १३.६५ किलो.

जुना डबा १५ किलोचा होता.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणून १५ लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅम. बाजारात दोन्ही डबे मिळतात, १५ किलोचा पण आणि १५ लिटरचा पण. लांबून बघाल तर फरक कळत नाही. बिलावर लिहिलेलं असतं फक्त "तेल डबा".

आम्ही काट्यावर भरलेला डबा ठेवला, मग रिकामा ठेवला, वजाबाकी केली. साडेतेरा किलोच्या थोडं वर. पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "बोललो होतो ना."

प्रत्येक डब्यामागे १ किलो ३५० ग्रॅम तेल फक्त कागदावर आलं होतं, स्टोअरमध्ये आलंच नव्हतं. गुणिले ३२. म्हणजे ४३ किलो २०० ग्रॅम. जे तेल कधी आलंच नाही, ते चोरल्याचा आळ त्याच्यावर होता.

आणि शेठची दीडशे रुपयांची बचत? १५ किलोचा डबा २,२५० ला, म्हणजे किलोला १५० रुपये. नवा डबा २,१०० ला, पण तेल १३.६५ किलो. भागाकार करा. किलोला जवळपास १५४ रुपये. स्वस्त झालं नव्हतं, महाग झालं होतं. पुरवठादारानं खोटं काही लिहिलं नव्हतं. लेबलवर सगळं छापलेलं होतं. फक्त सांगितलं नव्हतं.

आता माझी चूक. बिलाचा फोटो काढला की वस्तूचं माप भरावं लागायचं. डबा म्हणजे किती किलो, गोणी म्हणजे किती किलो. लोक वैतागायचे. म्हणून मी एक सोय केली. पुरवठादार तोच आणि वस्तूचं नाव तेच असेल, तर मागच्या वेळचं माप आपोआप भरायचं. सात-आठ टॅप वाचले. टीममध्ये कौतुक झालं माझं. पण त्या सोयीमुळे "हा डबा तोच आहे का?" हा प्रश्नच कुणाला विचारला जाईना. एकदा १५ किलो भरलं, ते पुढे भरतच राहिलं. दर बदलला तरी सॉफ्टवेअर गप्प. आणि त्या पोरानं हातानं ओळखलेली गोष्ट लिहायला स्क्रीनवर एक रकानासुद्धा नव्हता.

मी शेठना काट्यापाशी बोलावलं, आकडे मांडून दाखवले. ते बराच वेळ लेबल वाचत राहिले. मग पोराला म्हणाले, "अरे, जोरात बोलायचं ना." तो काही बोलला नाही. माफी वगैरे कुणी मागितली नाही. पण शनिवारचा विषय तिथेच संपला. तो पोरगा अजून तिथेच आहे आणि आता पुरवठादाराच्या माणसाला काट्यापाशी उभं करून माल उतरवून घेतो.

ऑफिसला येऊन मी तीन बदल केले. एक, दर पाच टक्क्यांपेक्षा जास्त बदलला, वर किंवा खाली, तर सॉफ्टवेअर थांबतं आणि विचारतं, पॅकिंग तेच आहे का? दोन, बिलातलं वजन आणि काट्यावरचं वजन यांचे वेगळे रकाने. तीन, माल घेणाऱ्यासाठी शेरा लिहायची जागा, मराठीत, बोलूनही भरता येईल अशी, आणि तो शेरा मालकाच्या रिपोर्टमध्ये तफावतीच्या शेजारीच दिसतो.

आता तुमच्यापैकी कुणाच्या घरचं हॉटेल असेल, मेस असेल, कुणी मित्रांबरोबर क्लाउड किचन काढलं असेल. सॉफ्टवेअर कुठलंही असो, नाहीतर साधी एक्सेल असो, या गोष्टी सांभाळा.

माल आला की आधी काटा, मग सही. बिलात १० किलो आणि काट्यावर साडेनऊ, तर साडेनऊच भरा आणि फरक बिलावर लिहून घ्या. माल परत पाठवला तर तोही त्याच दिवशी नोंदवा.

बिल माल आला त्या तारखेला भरा. ३० तारखेचा माल २ तारखेला भरला, तर हा महिना स्वस्त आणि पुढचा महाग दिसणार.

रोज चलान आणि महिन्याअखेर एकत्र बिल येत असेल, तर दोन्ही भरू नका. तोच माल दोनदा चढतो. हे मी खूप ठिकाणी बघितलंय.

एका वस्तूला एकच नाव. टोमॅटो, टमाटर आणि टोमॅटो लोकल अशा तीन वस्तू झाल्या की तिन्हींचा हिशोब गेला.

आणि टॅक्स विसरू नका. महागड्या हॉटेलांच्या आवारातली रेस्टॉरंट्स सोडली, तर बहुतेक रेस्टॉरंट्स गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेतात आणि त्यांना खरेदीवरच्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे तेलावर, बटरवर भरलेला टॅक्स तुमच्याच खिशातून गेला. तो मालाच्या किमतीत धरा. हमाली, टेम्पोभाडं पण धरा. नाहीतर कागदावर नफा आणि गल्ल्यात खडखडाट.

शेवटचं. तफावत लाल दिसली की माणसाकडे बोट दाखवण्याआधी बिल उघडा. बिलानंतर लेबल बघा. लेबलनंतर काटा. आणि जो रोज तो माल उचलतो, त्याला विचारा. त्याला बऱ्याचदा आधीच कळलेलं असतं.

तुमच्याकडेही असा हिशोबाचा घोळ झाला असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या किश्श्यांवर पुढे एक भाग करू. तोपर्यंत, आज घरी गेलात की स्वयंपाकघरातली तेलाची पिशवी उलटी करून वाचा. लिटर किती आणि ग्रॅम किती, बघाच.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!