मुक्या जनावराला विचारायचं कसं?



आजचा निधी माथेरानच्या घोड्यांच्या उपचारांसाठी आणि घोडेवाल्यांना आजार वेळेत ओळखता यावा यासाठी आहे. आम्ही पशुवैद्य नव्हे, संगणकावर पोट भरणारी माणसं. पण आपल्यातल्या अनेकांकडे कुत्रं-मांजर आहे, तेव्हा सुरुवात घरापासूनच करू.

जनावर दुखणं लपवतं, आणि मांजर तर त्यात पटाईत. बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथतो, तेव्हा आपल्याला वाटतं बद्धकोष्ठ झालं. पण बऱ्याचदा त्याची लघवी अडलेली असते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद, तिच्यात बारीक खडे अडकतात. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. 'शनिवारी दाखवू' असं इथे चालत नाही, त्याच रात्री इमर्जन्सीत न्यायचं. आणि अंग गरम लागलं म्हणून टायलेनॉल? मुळीच नाही. मांजराला ते विष आहे.

कुत्र्याचं पोट फुगलंय, ओकारीचे उमाळे येताहेत पण बाहेर काहीच पडत नाही, तर जठराला पीळ पडला असण्याची शक्यता असते. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या जातींत हे जास्त. हातात काही तासच असतात. आणखी एक, खास आपल्या घरांसाठी: प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डॉक्टरांनी 'काय खाल्लं?' विचारलं तर प्रसादाचंही सांगा.

आता घोडा. त्याला ओकारी करताच येत नाही. त्यामुळे पोटात वायू धरला, चारा अडकला की त्याला सुटकेचा हा मार्गच नसतो. हाच पोटशूळ. घोडा वळून वळून कुशीकडे बघतो, पुढच्या टापेनं जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही. अशा वेळी नळीनं तेल पाजतात. हेतू चांगला असतो, पण ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट. त्यापेक्षा चारा काढून घ्यावा, कुशीला कान लावावा. निरोगी आतड्यांची गुडगुड ऐकू येते; दोन्ही बाजूंना शांतता असेल तर काळजीचं. जबड्याखालची नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणावी. स्वस्थ उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली तर प्रकरण गंभीर. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. एवढं फोनवर कळलं तरी, किती घाईनं निघायचं हे पशुवैद्याला ठरवता येतं.

तुम्ही म्हणाल, माणसांची एवढी दुखणी असताना घोड्यांसाठी पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. समितीतही झाला, चांगला तासभर! पण माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटारी जात नाहीत. प्रवासी आणि सामान वाहून घोडेवाल्याचं घर चालतं. एका रात्रीच्या पोटशुळात घोडा गेला, तर मुलांच्या फीपासून सगळंच अडतं. दुसरा घोडा काही हप्त्यानं सहज मिळत नाही. आम्हाला तरी ही माणसांचीच मदत वाटते.

निधीतून स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि मराठी तक्ते घ्यायचे आहेत, आणि पशुवैद्याच्या रात्रीच्या फेऱ्यांचा खर्च भागवायचा आहे. सगळ्यात मोठी रक्कम अर्थात फेऱ्यांची.

देणगीच्या पाकिटांशेजारी तक्त्याच्या प्रती ठेवल्या आहेत. मागची बाजू कोरी आहे, तिथे आपल्या कुत्र्या-मांजराचं नेहमीचं तापमान आणि वजन लिहून फ्रिजवर लावा. कुत्र्याचं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट भरलं तर घाबरू नका, त्याचं तेवढंच असतं.