वरळीची खोली आणि कुंडलची बहीण

(कुंडल येथील सभेत केलेले भाषण)



आपल्या भागातील पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबईस गेली. वरळी, नायगाव येथील बी. डी. डी. चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांत त्यांनी संसार केले आणि गावाकडच्या पाव्हण्यालाही तेथेच अंथरूण दिले. 1974 च्या जानेवारीत वरळीच्या त्याच चाळींत दंगल पेटली, तरी त्यांनी जागा सोडली नाही.

आता तेथे म्हाडा उंच इमारती उभारीत आहे. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीत 500 चौरस फुटांच्या 556 मालकी घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. शेजारी धनिकांना विकावयाची घरेही होणार असून त्या विक्रीतून खर्च भागावयाचा आहे. कालची भाड्याची खोली अशी मोलाची झाली. मोल आले की बहिणीची आठवण होते, सहीपुरती!

भगिनींनो, तुमच्यापुढे हक्कसोडपत्र येईल. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या मालकीच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. 1956 चा उत्तराधिकार कायदा नावाने हिंदू असला तरी आपणां बौद्धांनाही लागू आहे. भाड्याच्या खोलीचे वारसानियम मात्र निराळे असतात. म्हणून खोली कोणाच्या नावे होती, वडील केव्हा वारले, नवा करार कोणाच्या नावे नोंदला, त्यात आईचे नाव आहे काय, हे आधी विचारा, नकला मागा. वाटा सोडावयाचा असेल तर खुशाल सोडा, तो तुमचा अधिकार आहे. परंतु कागद दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतल्याविना अंगठा उठवू नका.