कार्ब्युरेटरकडून इंधन-अंतःक्षेपणाकडे: एका जुन्या ट्रकचे परिवर्तन

पेट्रोल एंजिनाचे सारे सामर्थ्य पेट्रोलमध्ये असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते पेट्रोल आणि हवा यांच्या प्रमाणात असते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा याहून कमी पडली तर काही इंधन अर्धवट जळते, धूर होतो आणि ठिणगीचे प्लग काजळतात. ती जास्त झाली तर मिश्रण विरळ होते, एंजिन अडखळते आणि प्रसंगी तापते. चालकाने पायाखालचा पट्टा थोडा दाबला काय किंवा पूर्ण दाबला काय, हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावे लागते. ते कोणी आणि कसे सांभाळावे, या प्रश्नाची दोन उत्तरे म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंधन-अंतःक्षेपण. एक उत्तर काढून त्या जागी दुसरे बसवताना काय घडते, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात एका जुन्या अमेरिकन ट्रकच्या उदाहरणाने करावयाचा आहे.

हा ट्रक म्हणजे शेव्हरोलेचा सी-१० हा पिकअप. १९६७ ते १९७२ या वर्षांच्या नमुन्यांत त्याचा एकच घाट टिकून राहिला. अमेरिकेतील शेतांवर, बांधकामांवर आणि छोट्या कारखान्यांच्या दारांशी तो राबला. आता त्याला हौशी लोकांच्या गराजांत मानाचे स्थान मिळाले आहे. १९६९ पासून त्यात ३५० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे एंजिन मिळू लागले. या ट्रकच्या जन्मवर्षाचा एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच १९६७ साली जर्मनीतील बॉश कंपनीने विद्युत-नियंत्रित अंतःक्षेपणाची आपली डी-जेट्रॉनिक पद्धती फोक्सवागेनच्या मोटारीसाठी बाजारात आणली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्यात हवेच्या शुद्धतेची काळजी वाहणारे राज्य मंडळ स्थापन झाले. जुन्या पद्धतीचा ट्रक, तिची जागा घेणारी नवी पद्धती आणि ती जागा घेण्यास भाग पाडणारी सामाजिक गरज, ही तिन्ही अशी समवयस्क आहेत. पुढे १९८७ च्या नमुन्यांपासून शेव्हरोलेनेच आपल्या पिकअप ट्रकांवर अंतःक्षेपण बसवले. म्हणजे आज एखादा मालक जुन्या ट्रकवर जे करू पाहतो, ते त्या ट्रकच्या वंशात पूर्वीच घडून गेले आहे.

प्रथम जुने उत्तर समजून घेतले पाहिजे. १८९३ च्या सुमारास हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी, तसेच जर्मनीत मायबाख यांनी इंधनाचे तुषार उडवणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्याचे तत्त्व साधे आहे. हवेची वाट मध्येच अरुंद केली की तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. शेजारच्या वाटीतील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या वातावरणाचा दाब कायम असतो. या दोन दाबांतील फरकामुळे पेट्रोल एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, हवेच्या प्रवाहात ओढले जाते. हवा जास्त आली की ओढ जास्त आणि पेट्रोलही जास्त. वाटीतील पातळी फ्लोट सांभाळतो. थंडीत मिश्रण घट्ट करण्यासाठी चोक असतो आणि पट्टा एकाएकी दाबला असता पेट्रोलची पिचकारी मारण्यासाठी एक छोटा पंप असतो. यात ना वीज, ना गणित. निसर्गाच्या एका नियमाकडूनच काम करवून घेतले आहे. कार्ब्युरेटर हे अत्यंत बुद्धिमान यंत्र आहे, याविषयी दुमत होऊ नये.

परंतु या यंत्राला हवेचा प्रवाह कळतो, तिचे वजन नीट कळत नाही. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे. तेथील हवा सपाटीवरील हवेच्या तुलनेत सुमारे एक सप्तमांशाने विरळ असते. सपाटीवर जुळवलेला कार्ब्युरेटर तेथे गरजेपेक्षा घट्ट मिश्रण देऊ लागतो आणि मग कारागिराला जेट बदलावे लागतात. उन्हाळ्यात तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. ट्रक काही आठवडे उभा राहिला तर वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि पुन्हा सुरू करताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो.

अंतःक्षेपणाची रीत निराळी आहे. येथे ओढीचा संबंध नाही. येथे मोजणी आहे. एंजिनाचे फेरे, हवा आत नेणाऱ्या नळ्यांतील दाब, त्या हवेचे तापमान, एंजिनातील पाण्याचे तापमान आणि थ्रॉटलची चकती किती उघडली आहे, एवढ्या गोष्टी निरनिराळे संवेदक सांगतात. त्यांवरून एक छोटा संगणक आत किती हवा गेली याचा हिशेब करतो. उदाहरणार्थ, या एंजिनाच्या एका सिलिंडराचे आकारमान सुमारे ०.७२ लिटर आहे. तो सर्वसाधारण तापमानाच्या हवेने पूर्ण भरला तर त्यात सुमारे ०.८६ ग्रॅम हवा मावते आणि तिला जवळजवळ ५८ मिलिग्रॅम पेट्रोल पुरते. मिनिटाला ३,००० फेरे होत असताना आठ सिलिंडर मिळून सेकंदाला २०० वेळा हवा आत घेतात. इतक्या वेगाने होणारा हा हिशेब संगणक सतत करतो आणि त्यानुसार विजेवर चालणारी झडप काही सहस्रांश सेकंद उघडी ठेवतो. इतके करूनही तो स्वतःच्या हिशेबावर विसंबत नाही. निष्कास नळीत बसवलेला ऑक्सिजनचा संवेदक जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. हा संवेदक बॉशने १९७६ मध्ये उपयोगात आणला. झालेली चूक त्यावरून कळते आणि पुढच्या मापात ती सुधारली जाते.

जुन्या ट्रकसाठी मिळणाऱ्या तयार संचांत बहुधा कार्ब्युरेटरच्याच आकाराचा एक भाग असतो. तो त्याच जागी, त्याच चार बोल्टांवर बसतो. झडपा, संवेदक आणि पुष्कळदा संगणकही त्यातच सामावलेले असतात. हवेची गाळणीही पूर्वीचीच चालते. हे काम एका दिवसाचे आहे असे वाटते आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. बदललेला भाग एकच दिसत असला, तरी बदलतो तो संपूर्ण वाहनाचा शिरस्ता. कार्ब्युरेटर पुष्कळ दोष पोटात घालतो. मोजणारे यंत्र तसे करीत नाही. या एका वाक्यात या परिवर्तनाचे सार आले आहे आणि त्याचा पहिला प्रत्यय इंधनाच्या टाकीपाशी येतो.

कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरवणारा पंप एंजिनाच्याच गतीने चालतो आणि चौरस इंचास साधारणपणे ४ ते ७ पौंड एवढाच दाब देतो. या संचांपैकी पुष्कळांना ४० ते ६० पौंडांच्या दरम्यान दाब लागतो. जुनी रबरी नळी पाच पौंडांखाली थेंब गाळते. पन्नास पौंडांखाली तीच नळी पेट्रोलचा फवारा उडवते आणि जवळच तप्त निष्कास नळी असते. म्हणून टाकीपासून एंजिनापर्यंतच्या सर्व नळ्या, जोड आणि पकडी उच्च दाबाच्या जातीच्याच लावाव्या लागतात. शिवाय १९६७ ते १९७२ च्या या ट्रकमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागे असते. ज्या जागेत माणसे बसतात तिच्यातच पेट्रोल साठवलेले आणि आता त्याला मोठ्या दाबाचा पंप जोडायचा. म्हणून अनेक सुज्ञ मालक प्रथम टाकीच हलवतात आणि नवी टाकी मागच्या हौद्याखाली, सांगाड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवतात. परिवर्तनाचा हा भाग बाहेरून कोणाला दिसत नाही, त्याचे कौतुकही होत नाही. परंतु सर्वाधिक महत्त्वाचा तोच आहे.

विजेचा पंप पेट्रोल ढकलतो चांगले, पण लांबून ओढण्यात तो दुबळा असतो. म्हणून तो टाकीतच बुडवणे इष्ट असते. तेथे पेट्रोल त्याला थंडही ठेवते. टाकी पाव भरलेली असताना ट्रक वळणावर कलला की पेट्रोल एका बाजूला जाते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. कार्ब्युरेटरच्या वाटीत अशा वेळी थोडा साठा असे. येथे तो नाही, म्हणून एंजिन तत्क्षणी दगावते. यासाठी पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारे भांडे ठेवतात. अनेक रचनांत न वापरलेले पेट्रोल टाकीकडे परत नेणारी दुसरी नळीही लागते. जुना पंप एंजिन थांबले की थांबत असे. विजेचा पंप मात्र अपघातानंतरही चालू राहू शकतो. एंजिनाचे फेरे थांबताच पंपाची वीज तोडणारी योजना म्हणूनच अपरिहार्य आहे. ती चालते की नाही, हे काम संपण्यापूर्वी तपासून पाहिलेच पाहिजे.

दुसरा प्रत्यय विजेचा. जुन्या ट्रकमध्ये विजेची गरज दिवे, स्टार्टर आणि ठिणगी एवढ्यापुरतीच होती. गंजलेल्या बोल्टावरचा अर्थिंगचा जोड असला तरी दिवा थोडा मंद लागून काम निभावत असे. संगणकाला हे चालत नाही. जोड सैल असला तर संवेदक खोटी मापे सांगतात. स्टार्टर फिरताना बॅटरीचे व्होल्टेज फार उतरले तर संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. प्लगच्या जुन्या तांब्याच्या तारा विद्युत-चुंबकीय गोंगाट करतात आणि त्यामुळे फेऱ्यांची मोजणी बिघडते. त्यांच्याऐवजी रोध असलेल्या तारा घालाव्या लागतात. संगणकाची मुख्य जोडणी थेट बॅटरीशी करावी, असा जो नियम सांगितला जातो त्याचे कारण हेच.

तिसरा प्रत्यय निष्कास नळीचा. ऑक्सिजनच्या संवेदकापूर्वी नळीच्या एखाद्या जोडातून बाहेरची हवा आत शिरली, तर संवेदक त्या हवेतील ऑक्सिजनही मोजतो. संगणकाला वाटते, मिश्रण विरळ आहे. तो पेट्रोल वाढवतो. एंजिन धुरकटते आणि मालक संचाला दोष देतो. वास्तविक यंत्राने खोट्या साक्षीवर प्रामाणिक न्याय केलेला असतो. हवेच्या नळ्यांतील गळती, झिजलेल्या पिस्टन-रिंगा, चुकलेले प्रज्वलन, यांपैकी कोणताही आजार अंतःक्षेपणाने बरा होत नाही. म्हणून आधी एंजिन निरोगी करावे आणि मगच कार्ब्युरेटर उतरवावा.

एवढे सारे करून लाभ काय? पूर्ण वेगात, पूर्ण भाराखाली, नीट जुळवलेला कार्ब्युरेटर शक्तीच्या बाबतीत फारसा मागे नसतो. शिवाय इंधन एकाच मध्यवर्ती जागी फवारले जात असल्यामुळे ते आठही सिलिंडरांना अगदी सारखे पोचत नाही. ती उणीव प्रत्येक सिलिंडराच्या तोंडाशी स्वतंत्र झडप बसवल्यानेच दूर होते. लाभ आहे तो अन्यत्र. थंडीच्या पहाटे एंजिन पहिल्या काही फेऱ्यांतच जागे होते. डोंगर चढताना जेट बदलावे लागत नाहीत. अर्ध्या भाराने, गावातल्या रहदारीत चालताना मिश्रण प्रमाणात राहते आणि धूर कमी होतो. ज्याला ट्रक केवळ प्रदर्शनात न ठेवता रोज वापरायचा आहे, त्याच्या दृष्टीने हे थोडे नव्हे.

बदलत्या इंधनाचाही येथे विचार केला पाहिजे. अमेरिकेत पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळणे आता सर्रास झाले आहे. भारताने २०२५ मध्ये वीस टक्क्यांचे प्रमाण गाठले. उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल बनवणाऱ्या महाराष्ट्राला हा विषय परका नाही. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे त्याला हवा कमी लागते. ठरीव छिद्राच्या कार्ब्युरेटरला इंधन बदलल्याचे कळत नाही आणि मिश्रण विरळ होते. ऑक्सिजनचा संवेदक असलेली पद्धती मात्र काही मर्यादेपर्यंत आपले माप सुधारून घेते. जुन्या रबरी भागांना इथेनॉल बाधते, ही गोष्ट दोन्ही पद्धतींत सारखीच खरी आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली आणि दुचाकी वाहनांवरूनही कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा सी-१० च्या मालकापुढचा प्रश्न वेगळ्या रूपाने येथील गल्लीतल्या कारागिरापुढेही उभा राहिला.

तो प्रश्न ज्ञानाचा आहे. कार्ब्युरेटर बिघडला तर रस्त्याच्या कडेला, एका पेचकसाने आणि फुंकरीने, तो पुष्कळदा दुरुस्त होत असे. दोष डोळ्यांना दिसे, नाकाला कळे. संगणकाची पेटी बंद पडली तर ती उघडून उपयोग नसतो. दुसरी आणावी लागते आणि ती बनवणारा तेव्हा व्यवसायात असेलच, याची खात्री नसते. पन्नास वर्षे चाललेल्या ट्रकला पुढची पन्नास वर्षे चालवायची असतील, तर ही उणीव क्षुल्लक म्हणता येणार नाही. ज्यांनी हे काम विचारपूर्वक केले, ते उतरवलेला कार्ब्युरेटर स्वच्छ करून फळीवर जपून ठेवतात, तारांचा नकाशा काढून ट्रकमध्येच ठेवतात आणि दाबमापक वापरायला शिकतात. जुन्या कारागिराचा कान यामुळे निरुपयोगी ठरत नाही. एंजिन अडखळते आहे हे प्रथम त्यालाच कळते. ते का अडखळते हे मात्र आता मापांना विचारावे लागते. मापे वाचायला शिकलेल्या माणसाच्या हाती हे परिवर्तन सुखरूप पार पडते. जो केवळ चार बोल्ट बदलतो, त्याच्या ट्रकमध्ये आसनामागची ती जुनी टाकी तशीच राहिलेली असते.