मुक्या जीवांची चाहूल



भूकंपापूर्वी कुत्री विव्हळतात, साप बिळाबाहेर येतात, ही समजूत फार प्राचीन आहे. तिच्यात तथ्य किती, हे चीनमधील दोन भूकंपांवरून ध्यानात येते.

४ फेब्रुवारी १९७५ रोजी हायचेंग येथे मोठा भूकंप झाला. तत्पूर्वी ऐन हिवाळ्यात साप बाहेर येऊन गोठल्याच्या वार्ता होत्या. लोकांना घराबाहेर काढल्यामुळे असंख्य प्राण वाचले. श्रेय प्राण्यांनाही मिळाले. परंतु मुख्य इशारा दिला तो आदल्या दिवसांतील शेकडो लहान पूर्वधक्क्यांनी. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ च्या पहाटे, तांगशान उद्ध्वस्त झाले. तेथे असे पूर्वधक्के जाणवले नव्हते. अधिकृत गणनेनुसार २ लाख ४२ हजार माणसे दगावली.

मग प्राण्यांना काहीच कळत नाही काय? कळते. भूकंपाच्या प्राथमिक लहरी भूपृष्ठाखालून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने धावतात. अधिक विध्वंसक दुय्यम लहरी सुमारे साडेतीन. ७० किलोमीटरवर या दोहोंत सुमारे ८ सेकंदांचे अंतर पडते. माणसाला न जाणवणारा पहिला सूक्ष्म कंप कुत्रे टिपू शकते.

काही दिवस अगोदरची चाहूल मात्र सिद्ध झालेली नाही. २००९ साली इटलीतील लाक्विला येथील भूकंपाच्या ५ दिवस आधी, ७४ किलोमीटर दूरच्या तळ्यावरून ९६ टक्के नर भेक नाहीसे झाल्याची नोंद आहे. पण एका तळ्यावरून नियम ठरत नाही. २०१८ साली संशोधकांनी १६० भूकंपांविषयीच्या ७२९ नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक नोंदी केवळ आठवणींवर विसंबलेल्या आढळल्या. कुत्रे एरवीही भुंकते. भूकंपाच्या रात्रीचे भुंकणे तेवढे स्मरणात राहते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच गाडली गेली. तेथे उणीव होती ती भूकंप सोसणाऱ्या घरांची.

म्हणून मुलांनी प्राण्यांचे निरीक्षण अवश्य करावे. मात्र भूकंपाची वाट न पाहता, रोज, तारखेसह लिहून ठेवावे. पालकांनी घरातील जड कपाटे भिंतीला जखडावीत. आणि धक्का जाणवताच मजबूत मेजाखाली शिरण्याचा सराव मुलांकडून घरीही करून घ्यावा. ते ८ सेकंद त्यासाठी पुरेसे आहेत.