वंदना झाली, विचारपूस राहिली



आम्ही गिरणी कामगार, शिक्षण बेताचंच. चुकलं तर सांभाळून घ्या.

ताम्हिणीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. अशाच पावसात शेजारचे म्हातारबाबा जुलाबानं अंथरुणाला खिळले. आम्ही विहारात मेत्तसुत्त मोठ्यानं म्हणत होतो, पण वास येतो म्हणून त्यांच्या दारात गेलो नाही.

त्या रात्री विनयपिटकातली गोष्ट वाचली. असाच एक भिक्खू घाणीत पडलेला, संघातलं कुणी फिरकलेलं नाही. तथागतांनी पाणी ओतलं, आनंदानं धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर निजवलं. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या तेराव्या प्रतिज्ञेत नुसती दया नाही, लालनपालनही आहे. तो शब्द आपण घाईत गिळतो!

सकाळी तांब्या घेऊन गेलो. बाबा एवढंच म्हणाले, "आलास व्हय?"