मद्यपान, यकृत आणि आपला समाज
(सुवर्णमहोत्सवानिमित्त यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



सप्तव्यसनांत मद्याची गणना आहे, हे येथील लहान मुलांनाही ठाऊक आहे. मग जैन समाजापुढे या विषयाचे प्रयोजन काय, असे एका ज्येष्ठांनी मला हसत विचारले. प्रयोजन आहे. ज्या घरात मद्य निषिद्ध असते, त्या घरात ते लपविले जाते. आणि लपविलेल्या व्यसनाचा रुग्ण आम्हा डॉक्टरांकडे फार उशिरा येतो.

यकृत हा अत्यंत सोशिक अवयव आहे. मद्याने प्रथम त्यात चरबी साचते. या काळात वेदना नाही, कावीळ नाही. गृहस्थ दुकानावर बसतो, लग्नकार्यात मिरवतो. याच टप्प्यावर मद्य पूर्णपणे सोडले, तर बहुधा काही आठवड्यांत यकृत पूर्ववत होते. पुढे दाह होतो, व्रण पडतात, यकृत कठीण होऊन आक्रसते. पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, की आपण नागपूरची वाट धरतो. त्या वेळीही मद्य सोडणे हिताचेच. परंतु आक्रसलेले यकृत पूर्वीसारखे करणारे औषध नाही. "आम्ही भारी प्रतीची घेतो," असेही काही जण सांगतात. यकृताला बाटलीची किंमत कळत नाही!

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. आपल्या जिल्ह्यात 'स्वामिनी' आंदोलनातील भगिनींनी बंदीची मागणी लावून धरली, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तथापि दुकान बंद झाल्याने तलफ थांबत नाही. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात आपल्याच वणी येथे सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी असूनही २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' अभियान सुरू करावे लागले. त्यात गावसंघटनेबरोबर व्यसनींच्या उपचारालाही स्थान आहे.

एक सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्यास शपथ घालून एकाएकी थांबवू नये. कंप, झटके, भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

विश्वस्तांना एकच विनंती आहे. आरोग्य शिबिरात रक्तदाब व साखर तपासतो, त्याच्या शेजारी पडद्याआड एक खुर्ची ठेवावी. तेथे मद्याविषयी विचारावे, गरजेप्रमाणे यकृताची तपासणी सुचवावी, नाव मात्र कोणत्याही वहीत लिहू नये. त्या खुर्चीसमोर बसण्यास मी तयार आहे.